गहाण घर

मुलुंडला रेल्वेच्या रुळांपासून हांकेच्या अंतरावर माझें घर आहे. ‘माझें’ हा शब्द मी जरा दबकतच लिहितों. घराचे मूळ कागद बँकेच्या तिजोरींत आहेत, आणि दरमहा हप्ता वळता झाल्याची सूचना आली म्हणजे घर खरोखर कोणाचें आहे याची मला आठवण होते. तरीहि प्रोफेसरानें उपनगरांत स्वतःचें घर करणें हा एक पराक्रमच आहे, असें मी अनेक वर्षें समजत होतों. या अभिमानाला तडा गेला तो एका पहिलवानामुळें.

हा पहिलवान माझाच विद्यार्थी. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर त्याचें बिऱ्हाड. वडील सातारा जिल्ह्यांतून येऊन माथाडीचें काम करणारे. वर्गांत तो शेवटच्या बांकावर बसे. शेक्सपिअरविषयीं मी जें कांहीं सांगें, तें त्याच्या तालमींत मोडलेल्या कानांपर्यंत पोंचत असेल असें मला कधींच वाटलें नाहीं. एके दिवशीं तो संकोचत माझ्यापुढें येऊन उभा राहिला. परप्रांतांतील कुस्त्यांसाठीं त्याची निवड झाली होती; प्रवासाचा व खुराकाचा खर्च मात्र ज्याचा त्यानें करावयाचा होता. त्यानें सांगितलेली रक्कम माझ्या घराच्या एका हप्त्याहूनहि कमी होती. मीं त्याला बसवून घेतलें, चहा पाजला आणि उपदेश केला. पदवी पदरांत पडण्यापूर्वीं कुस्तीच्या नादीं लागणें शहाणपणाचें नव्हे, हें मीं त्याला अर्धा तास समजावून सांगितलें. “होय, सर,” असें म्हणून त्यानें वांकून नमस्कार केला आणि तो निघून गेला. त्या संध्याकाळीं मी स्वतःवर बेहद्द खूष होतों.

पुढें कांहीं दिवसांनीं खाशाबा जाधवांची हकीकत माझ्या वाचनांत आली. नांव ठाऊक होतें. माणूस ठाऊक नव्हता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान. पांच भावांत खाशाबा धाकटे. कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत ते शिकले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयानें. जन्मभर तांबड्या मातींत कुस्ती केलेला हा गडी तेथें प्रथमच मॅटवर उतरला, आणि सहावा आला.

चार वर्षांनीं हेलसिंकीला जावयाचें ठरलें तेव्हां पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. हें वाक्य वाचलें आणि पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीशीं बसून राहिलों. खर्डेकरांच्या हातीं त्या वेळीं होतें काय? एक सहावा क्रमांक! पदकावर घर गहाण ठेवणारे कितीहि भेटतील. सहाव्या क्रमांकावर घर ठेवण्याला निराळी छाती लागते.

१९५२ च्या जुलैंत खाशाबांनीं ५७ किलोच्या गटांत ब्राँझ पदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरें मिळावयाला १९९६ साल उजाडावें लागलें. कऱ्हाडहून शंभरांवर बैलगाड्यांची मिरवणूक त्यांना गांवीं घेऊन गेली. परंतु मला त्या मिरवणुकीपेक्षां पुढची गोष्ट मोठी वाटते. या माणसानें कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, आणि त्या पैशांतून गुरूचें घर सोडवून दिलें.

त्यांच्या स्वतःच्या घराचें काय झालें? १९५५ सालीं ते मुंबईच्या पोलीस दलांत सबइन्स्पेक्टर झाले आणि असिस्टंट कमिशनरच्या पदापर्यंत चढले. १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, आणि २०१० सालीं दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचें नांव देण्यांत आलें. इकडे गोळेश्वरास त्यांच्या नांवानें कुस्तीची अकादमी व्हावी म्हणून कुटुंबीय वाट पाहत राहिले. अखेर २०१७ सालीं त्यांचे चिरंजीव रणजित यांनीं तें पदकच लिलावांत काढण्याचा विचार बोलून दाखविला. पदकावर नांव एकाचें असतें. त्याचा हप्ता मात्र कोणत्या तरी घराला फेडावा लागतो. पहिला गुरूच्या घरानें फेडला. नंतरचे त्यांच्या मुलाबाळांनीं.

माझा विद्यार्थी ऑलिंपिकला गेला असता असें मी म्हणत नाहीं. कदाचित् पहिल्याच फेरींत चीत होऊन परतला असता. पण मीं त्याला चीत होण्याचीहि संधि दिली नाहीं.

परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशीं तो पेढे घेऊन माझ्या घरीं आला. “तुमच्यामुळें पास झालों, सर,” म्हणाला. अंग उतरलें होतें. नोकरीच्या शोधांत होता. मीं भीतभीतच विचारलें, “आणि कुस्ती?”

“सोडली, सर. तुम्हींच सांगितलें होतें ना?”

त्याच्या आवाजांत तक्रारीचा लवलेशहि नव्हता. माझा शब्द त्यानें पाळला होता, आणि तें मला सांगतांना त्याला आनंदच होत होता. मीं पेढा तोंडांत घातला. तो गिळावयाला मात्र मला पाण्याचा पेला मागवावा लागला.

पुढच्या वर्षीं माझ्या घराचा शेवटचा हप्ता फिटेल. बँक कागद परत देईल, घर मोकळें होईल, आणि सौभाग्यवतींनीं त्या दिवशीं पुरणाचा बेत ठरविला आहे. त्या पंगतीला त्याला बोलवावें असें फार मनांत आहे. पण वाढतां वाढतां सौभाग्यवती त्याला सहज विचारतील, “कुस्ती कशी चालली आहे?” आणि तो तेंच उत्तर देईल, या भीतीनें अजून मीं त्याला बोलाविलेलें नाहीं.