खुर्च्या आधी, विनोद नंतर

स्टँडअपमधलं माझं पहिलं काम खुर्च्या ओढण्याचं. सातारा, नाशिक, सोलापूर, कुठेही शो असो. जागा कॅफेची असो, वाचनालयाच्या वरच्या मजल्याची असो की कोचिंग क्लासच्या हॉलची. मी तासभर आधी पोचते आणि आयोजकाने ऐसपैस मांडलेल्या खुर्च्या एकमेकींना चिकटवत सुटते. “ताई, जरा मोकळं बसू दे की लोकांना,” असं तो म्हणतोच. पण मोकळं बसलेल्या माणसाला स्वतःचंच हसू ऐकू येतं आणि तो चपापतो. शेजारच्याचा खांदा हलला की आपलाही हलतो, एवढं ते साधं आहे. चाळीस माणसं चाळीस खुर्च्यांत बसली तर शो होतो. तीच दोनशे खुर्च्यांत विखुरली तर शोकसभा.

छत बुटकं असेल तर फारच उत्तम. मोठ्या नाट्यगृहात हशा वर जातो आणि तिकडेच कुठेतरी राहतो. बुटक्या खोलीत तो परत खाली येतो आणि उशिरा कळलेल्यांनाही हसवून जातो. उजेड फक्त माझ्यावर हवा. आपल्याकडे लोक सहकुटुंब येतात. वडील आणि कॉलेजातली मुलगी शेजारी बसलेली असली, की जरा वात्रट विनोदाला वडील आधी मुलीकडे बघतात, मुलगी वडिलांकडे बघते, आणि दोघांचं बघून होईपर्यंत मी पुढच्या विनोदावर गेलेली असते. अंधार केला की दोघंही बिनधास्त हसतात.

न्यूयॉर्कमध्ये 1963 साली सुरू झालेल्या ‘इम्प्रोव्ह’ क्लबात कलाकाराच्या मागे उघड्या विटांची भिंत होती. तीच पुढे जगभर स्टँडअपची खूण झाली. आमच्याकडचे कॅफेवाले हौसेने तिचा वॉलपेपर चिकटवतात आणि त्याच भिंतीच्या पलीकडे मिक्सर ठेवतात. कोल्ड कॉफीची ऑर्डर नेमकी पंचवर येते, हा माझा अनुभव आहे. म्हणून मालकाशी मानधनाच्या आधी दोन गोष्टी ठरवून घेते : शो चालू असताना मिक्सर बंद, आणि बिल शेवटी. बिल हातात पडलेला माणूस बेरीज करतो, हसत नाही.

आता खुद्द विनोदाकडे येते. मराठीत स्टँडअप करणाऱ्याची खरी झटापट क्रियापदाशी असते. विनोदात ज्या शब्दाने धक्का बसतो, तो शब्द सगळ्यात शेवटी यावा लागतो, कारण तो कानावर पडला की लोक हसायला लागतात. आपल्या वाक्यात मात्र शेवटची जागा क्रियापदाने अडवलेली. ‘सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरी उशी घेऊन आले होते.’ यात हसू ‘उशी’ला फुटतं आणि ‘घेऊन आले होते’ त्याच्यावर पाय देऊन जातं. मग वाक्य मोडायचं. ‘सोसायटीची मीटिंग. सेक्रेटरी आले. हातात काय? उशी.’ कागदावर हे तुटक वाटतं, माईकवर बरोबर बसतं. बोलताना आपण एरवीही शब्द मागे-पुढे करतोच (‘बसलाय बघ, कपाटात!’), त्यामुळे कानाला ते खोटं लागत नाही. माझ्या वहीत विनोद थोडे आणि अशी मोडतोड केलेली वाक्यंच जास्त आहेत. शिवाय गावागणिक वेग बदलावा लागतो. नागपुरात मी सावकाश बोलते. पुण्यात सावकाश बोललं तर पुढचं वाक्य प्रेक्षकच मनात पूर्ण करतात आणि वर तपासून बघतात.

एकट्याने उभं राहून हसवणं आपल्याला नवीन नाही. तमाशातला सोंगाड्या बतावणीत गावातल्या ताज्या भानगडी ओवायचा. पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करायचे आणि लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधली पन्नासहून जास्त पात्रं. त्यांच्या हाताशी पात्रं होती. आमच्याकडे ‘मी’ सोडून कोणी नाही, आणि मी जे बोलते ते लोकांना सगळं खरं वाटतं. शो संपल्यावर बायका आस्थेने माझ्या सासूची चौकशी करतात. मला सासू नाही.

पैशाचं फार सांगण्यासारखं नाही. दोन-तीनशेचं तिकीट, त्यातला कॅफेचा वाटा, येण्या-जाण्याची एसटी. उरतं ते पुढच्या गावाला पोचण्यापुरतं.

मला खटकतं ते वेगळंच. एक चांगला विनोद अशा खोल्यांमधून महिनोन्‌महिने घासून तयार होतो आणि त्याची क्लिप टाकली की संपतो, कारण पुढच्या गावात लोक तो ऐकूनच आलेले असतात. म्हणून बहुतेक जण क्लिपमध्ये प्रेक्षकांशी केलेली थट्टामस्करी टाकतात. तिला क्राउड वर्क म्हणतात. ती तशीही त्या रात्रीपुरतीच असते, त्यामुळे खर्ची काही पडत नाही. हिशोब बरोबर आहे, मीही तोच करते. पण त्यामुळे लोकांची समजूत झाली आहे, की स्टँडअप म्हणजे पहिल्या रांगेतल्याचा पगार, लग्न आणि टक्कल. काही जण तर आपली फिरकी घेतली नाही म्हणून हिरमुसून जातात. बाकीचे भिऊन मागे बसतात आणि पहिल्या दोन रांगा रिकाम्या राहतात. माझं मत विचाराल तर क्राउड वर्क हा शोमधला सगळ्यात सोपा भाग आहे. हजरजबाबी माणसं आपल्याकडे प्रत्येक पानपट्टीवर उभी असतात. लिहून, मोडून, पुन्हा बांधलेलं वाक्य अनोळखी गावात उभं करणं हे अवघड.

तेव्हा तुमच्या गावात कधी असा शो लागला, तर पुढच्या रांगेत येऊन बसा आणि फोन खिशातच राहू द्या. तुम्ही काय काम करता, हे मी विचारणार नाही.