वाचेल ते वाचेल

घर बदलण्याची वेळ आली की कपाटे, भांडी, पलंग सारे निमूटपणे टेम्पोत चढते. तंटा होतो तो माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीवरून. तरुण मंडळी विचारतात, त्यात आहे तरी काय? आणि पेटी ज्याची, तो मनुष्य म्हणतो, असू द्या, मी नंतर पाहतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशीच एक पेटी संगणकात भरून ठेवली आहे. गावाच्या आठवणी, धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी जमवलेले लेख, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांवरून उतरवलेल्या वंशावळी, परदेशी गेलेल्या मुलाबाळांची पत्रे, असे पुष्कळ काही तीत असते. यंत्र थकले की ही पेटी नव्या यंत्रात हलवावी लागते आणि ते काम बहुधा दूरदेशी राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या वाट्याला येते. आमच्या वाट्याला ते गेल्या हिवाळ्यात आले.

आम्ही उभयता कॅनडात टोरांटोजवळ राहतो. मामा वसईला. नात्याने ते आमच्यापैकी एकीचे मामा, परंतु हक्काने दोघांचेही. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर २००४ साली त्यांनी विंडोज एक्सपी असलेला संगणक घेतला आणि वयाच्या साठीकडे झुकताना मराठी टंकलेखन शिकले. त्या एक्सपीची देखभाल तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. तेव्हापासून मामांनी यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेवली, लिहिणे मात्र सोडले नाही. अलीकडे त्या यंत्राच्या आतून टकटक आवाज येऊ लागला होता. हार्ड डिस्क असा आवाज करू लागली की तिचे फार दिवस उरलेले नसतात. मामेबहिणीने नाताळला घरी आली असता नवा लॅपटॉप आणून दिला व ती बंगळुरूला आपल्या नोकरीवर परतली. उरलेले काम आमच्याकडे आले.

त्या जुन्या यंत्रात काय होते, हे येथे सांगितले पाहिजे. मामांनी आसपासच्या गावांत सायकलने हिंडून वृद्ध स्त्रियांकडून सामवेदी बोलीतील लग्नगीते मिळवली होती. हळदीची, मांडवाची, नवरी निघतानाची अशी एकूण ४७ गीते. गाणाऱ्या सांगत, मामा वहीत उतरवून घेत आणि रात्री संगणकावर टंकीत करीत. त्या गाणाऱ्यांपैकी आज एकही हयात नाही. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले, तेव्हा खालच्या फळीवरच्या वह्या भिजून त्यांचा लगदा झाला. संगणक टेबलावर असल्याने वाचला. म्हणजे ती गीते आता त्या टकटकणाऱ्या यंत्राखेरीज कोठेही नव्हती.

शनिवारी आमच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले की मामांकडे रात्रीचे आठ वाजतात आणि रोझरी आटोपलेली असते. ती वेळ ठरली. जुने यंत्र इंटरनेटला जोडणे धोक्याचे होते, म्हणून मामांनी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला आणि त्याच्या कॅमेऱ्यातून आम्ही जुना पडदा पाहू लागलो. नव्या लॅपटॉपवर क्विक असिस्ट नावाची सोय विंडोजबरोबरच येते. मदत करणारा एक संकेतांक देतो, मदत घेणारा तो आपल्या यंत्रात भरतो आणि मग त्याचा पडदा दूर बसलेल्याला दिसू लागतो. पडदा नुसता पाहावयाचा की यंत्र चालवावयाचेही, यासाठी वेगळी परवानगी मागावी लागते.

आम्ही ती मागितली. मामांनी नकार दिला.

"पोरांनो, तुमच्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण उद्या दुसरा कोणी गोड बोलून हेच मागेल, तेव्हा नाही म्हणायची सवय असलेली बरी. रस्ता तुम्ही दाखवा, चालेन मी."

मामांचे म्हणणे रास्त होते. अशा दूरस्थ सोयींचा गैरवापर करून लोकांची बँक खाती रिकामी केली जातात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. आपण होऊन फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला पडदा दाखवू नये, मग तो स्वतःला बँकेचा म्हणवो की पोलिसांचा, हे आपल्या घरातील प्रत्येक वडीलधाऱ्यास माहीत असले पाहिजे. मामांच्या नकारामुळे काम मंदावले. एका तासाच्या कामाला चार शनिवार लागले. परंतु चौथ्या शनिवारी जे झाले ते मामांनी स्वतःच्या हाताने केले होते आणि पुन्हा करावयाची वेळ आल्यास त्यांना आमची गरज उरली नव्हती.

पहिल्या शनिवारी यादी झाली. पडद्यावर दिसते तेवढेच यंत्रात असते, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः जुनी पत्रे आउटलुक एक्सप्रेसमध्ये एका लपवलेल्या कप्प्यात साठवलेली असतात आणि त्या रूपात नवे यंत्र ती उघडीत नाही. त्यावर सोपा उपाय असा की आउटलुक एक्सप्रेस जुन्या यंत्रातच उघडावे, सर्व पत्रे निवडावी आणि माउसने ओढून एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये सोडावी. प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल होते आणि ती नव्या यंत्रातही वाचता येते. मामांनी तसे केले. मग सारे पेन ड्राइव्हवर घेतले. प्रत ठीक उतरली की नाही हे पाहण्यासाठी दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहिला. मामांना एक चिंता होती. कोणते गीत कधी टंकले, ती तारीख नव्या यंत्रात पुसली जाईल काय? तसे होत नाही. फाइलची नुसती प्रत केली तर तिच्यात शेवटचा बदल केल्याची तारीख टिकते. फाइल उघडून पुन्हा जतन केली की मात्र ती बदलते. म्हणून जशीच्या तशी एक प्रत 'मूळ' या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि तीस हात लावावयाचा नाही असे ठरवले.

याच वेळी एक फोल्डर दिसला. त्यावर मामींचे नाव होते. मामी २०१६ साली प्रभुवासी झाल्या. आम्ही विचारले, "मामा, हा उघडून बघायचा का, फायली ठीक आहेत का ते?" मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नको. आहे तसा जाऊ दे."

तो फोल्डर न उघडता गेला. त्यातील फायलींची संख्या आणि आकार बाहेरूनच जुळवला. दुसऱ्याच्या संगणकात डोकावताना त्याचे बँकेचे हिशेब, डॉक्टरांचे अहवाल, मनातले कागद सारेच दिसण्याजोगे असते. मदतीला आलेल्याने सामान उचलावे, गाठोडी सोडू नयेत, ही जुनी रीत येथेही लागू पडते.

दुसऱ्या शनिवारी मामांनी नव्या लॅपटॉपवर पहिले गीत उघडले आणि त्यांचा चेहरा उतरला. मराठीचे एक अक्षर तेथे नव्हते. रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि तुटके स्वल्पविराम यांची रांगच्या रांग होती. संख्या जुळली होती, आकार जुळला होता, फाइल सुखरूप पोहोचली होती, आणि तरीही गीत नाहीसे झाले होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण २००० च्या आगेमागे मराठीत टंकलेल्या असंख्य फायलींची हीच अवस्था आहे. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागा वापरल्या. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत, फाँट फक्त त्यांच्यावर देवनागरी मुखवटा चढवी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाँट नसेल तर मुखवटा गळून पडतो आणि खालचे चेहरे दिसू लागतात. युनिकोडने हा प्रकार संपवला. १९९१ साली त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. त्यात 'क' चा क्रमांक २३२५ आहे आणि तो जगातील कोणत्याही यंत्रात तोच राहतो. परंतु हा प्रकार घरोघरी रुळायला पुढे बरीच वर्षे लागली आणि तोवर मामांसारख्यांनी आपले आयुष्यभराचे संचित जुन्या फाँटात लिहून ठेवले.

तिसऱ्या शनिवारी जुन्या यंत्राच्या विंडोज फोल्डरमधील फाँट्स या कप्प्यातून मामांचा फाँट मिळाला. तो नव्या लॅपटॉपवर बसवताच गीते जिवंत झाली. मामांनी मोठ्याने "देवा!" म्हटले ते आम्हांस सात समुद्रांपलीकडे ऐकू आले. मात्र ही कुबडी होती. ती फाइल मोबाइलवर कोणाला पाठवली तर पुन्हा रोमन चिन्हेच दिसणार. म्हणून ती युनिकोडमध्ये बदलणे भाग होते. हे काम करणारे परिवर्तक मिळतात, परंतु ते सरळसोट नसते. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी, कागदावर दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट. परिवर्तकाला या साऱ्यांची जागा फिरवावी लागते आणि जोडाक्षरापाशी तो अडखळतो.

प्रमाण मराठीत अशी चूक कोणासही दिसते. बोलीत कोण दाखवणार? सामवेदीचा शब्दकोश संगणकात नाही, लिहिण्याची सर्वमान्य पद्धतही नाही. आम्ही दोघे वसईत वाढलो, तरी त्या गीतांतील कित्येक शब्द आम्हांस परके होते. वेलांटी चुकून सरकली आहे की शब्दच तसा आहे, हे सांगू शकणारा मनुष्य एकच होता. चौथ्या शनिवारी नाती उलटली. मामा वाचू लागले आणि आम्ही विचारू लागलो. हा शब्द काय? हा अलंकार कोठे घालीत? ही ओळ नवरीची की वरमाईची? उत्तरे लिहून घ्यावयास आम्हांस कागद कमी पडला. तीन आठवडे आम्ही मामांना मदत करीत आहोत असे वाटत होते. आता कोण कोणाला देत होते, हे सांगणे कठीण झाले.

मामांनीच तेव्हा क्रिस्तपुराणाची आठवण काढली. फादर थॉमस स्टीफन्स यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापला गेला. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो भाविकांनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांतून. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली जोसेफ साल्डान्हा यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला. लंडनच्या मार्सडन संग्रहात त्याची देवनागरी पोथीही आहे. "छापखाना गेला, लिपी बदलली, पण लोक वाचत होते म्हणून उतरवून घेत राहिले," मामा म्हणाले. "ज्याला वाचणारा असतो ते वाचतं."

मराठीने 'वाचणे' या एका क्रियापदात दोन्ही अर्थ ठेवले आहेत हे आम्हांस ठाऊक होते, पण त्याचा प्रत्यय त्या रात्री आला. फाइल पेन ड्राइव्हवर चढते ती काही मिनिटांत. अर्थ मात्र माणसाकडून माणसाकडेच जातो, आणि त्याला मुदत असते.

वाचकहो, आपल्याही घरी असे एखादे जुने यंत्र कापडाने झाकून ठेवलेले असेल. ते भंगारात देण्याआधी फायलींबरोबर त्यातले फाँटही काढून घ्या. एक प्रत घरात, दुसरी वेगळ्या साधनावर आणि तिसरी दुसऱ्या गावी नातलगांकडे ठेवा. जुनी हार्ड डिस्क लगेच पुसू नका. आणि एवढे झाले की ज्याने ते लिहिले त्याला शेजारी बसवून किंवा फोनवर घेऊन वाचायला लावा. यंत्राचे काम उद्यावर टाकता येईल, वाचनाचे टाकू नका.

मामा आता रोज एक-दोन गीते तपासतात. ३१ झाली आहेत. पाच शब्दांपुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातले आहे, कारण ते त्यांनाही आठवत नाहीत. त्यांतील दोन एका गाणाऱ्या बाईंच्या लेकीला कदाचित माहीत असतील, असे ते म्हणाले. बाईंची लेकही आता सत्तरीपुढे आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर मामा तिच्याकडे जाणार आहेत.