हातमोज्यातली माया

संक्रांतीचा दिवस माणसांचा. गच्च्या, लाऊडस्पीकर, तिळगूळ, ‘ओ काट’चा गलका. पण खरी संक्रांत येते ती दिवेलागणीनंतर, पतंग गुंडाळून मंडळी खाली उतरल्यावर. कटलेले पतंग झाडांवर राहून जातात आणि त्यांचा मांजा फांदीफांदीतून, तारेतारेतून आडवा ताणलेला राहतो. जो भर उन्हात धड दिसत नाही, तो अंधारात कुठला दिसणार! नेमक्या त्याच वेळी वडापिंपळांवरची वटवाघळं जागी होतात, अंग झटकतात, पश्चिमेच्या उरल्यासुरल्या तांबूस उजेडात एकेक करून स्वतःला सोडून देतात आणि टाक्यांवरून, रहदारीवरून, आपल्या साऱ्या खटाटोपावरून संथ पंख मारत कुठल्याशा पिकल्या उंबराच्या वासाकडे निघतात.

आणि मध्येच थांबतात.

दुसऱ्या दिवशी उपचार केंद्रात खोकी येऊ लागतात. बुटांची, बिस्किटांची, कुणाच्या नव्या मिक्सरची. भोकं पाडलेली, सुतळीनं बांधलेली. आणणारा कधी शाळकरी मुलगा, कधी अग्निशमन दलाचा जवान. दोघांच्याही चेहऱ्यावर तीच अवघडलेली घाई. आतून खरडल्याचा आवाज. झाकण उचललं की आधी वास येतो, पिकलेल्या पेरूचा आणि उग्र केसाळ अंगाचा, त्या वासाच्या तळाशी रक्ताचा. मग टॉवेलच्या घडीतून तोंड वर येतं. निमुळतं, कोल्ह्याच्या वळणाचं. मानेभोवती तांबूस-सोनेरी लव, ओलं नाक आणि तपकिरी, टपोरे, टक्क उघडे डोळे. लहान पाकोळ्या अंधारात आपल्याच आवाजाच्या पडसादावर वाट काढतात. हे थोरलं फळखाऊ वटवाघूळ मात्र डोळ्यांवर आणि नाकावर जगतं. आंधळं म्हणून ज्याची ख्याती, तेच आपल्याकडे रोखून बघत असतं.

त्याला आपण दिसतो.

मांजा ओढायचा नसतो, कापायचा असतो. डॉक्टर बारीक कात्रीनं गुंता सोडवत जातात आणि पंख हळूहळू दिव्याखाली उलगडतो. उलगडल्यावर समोर येतो तो एक हात: खांदा, कोपर, मनगट, टोकाला आकडा असलेला अंगठा आणि भलतीच लांबलेली चार बोटं, त्यांच्यामध्ये ताणलेली कातडी. दोन्ही पंख पसरले की चार फूट सहज भरतात. वजन मात्र किलोच्या आगेमागे. केळीच्या कोवळ्या पानातून ऊन यावं तसा त्या कातडीतून दिव्याचा उजेड झिरपतो आणि आतल्या शिरांचं जाळं दिसू लागतं. त्या शिरा आपल्या आपण, लयीत आकुंचन पावतात, हे व्हार्टन जोन्स नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं १८५२ साली नोंदवून ठेवलंय. छातीत हृदय आहेच. पण एवढ्या विस्तीर्ण पंखासाठी शिरांनीही धडधडण्याचं काम थोडं थोडं वाटून घेतलेलं. मांजा आरपार गेलेला असतो तो यातूनच. गुलाबी, चकचकीत, सणाच्या रंगाचा.

या सगळ्यात उघडा हात कुठेच नसतो. जाड कातडी हातमोजे, तोंडावर मास्क, दंडावर रेबीजची लस आधीच टोचून घेतलेली. भीती निराधार नाही. केरळात २०१८ साली निपाहनं माणसं गेली. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे २०२० मध्ये घेतलेले नमुने तपासताना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला त्या विषाणूच्या खुणा सापडल्या. म्हणून इथे मायेनं कातड्याचा एक थर राखूनच वागायचं. मांजराचं पिल्लू छातीशी धरता येतं, पोपटाशी बोलता येतं. इथे तेही नाही. आधी ते जाचतं. मग त्या थरातूनही काहीबाही पोचू लागतं: वजन, ऊब आणि ती थरथर, जी घट्ट धरलं की वाढते, सैल सोडलं की वाढते आणि मधल्या कुठल्याशा पकडीत हलकेच ओसरते. ती पकड सापडणं म्हणजे शुश्रूषा.

आजोळी, कोकणात, परड्यातल्या उंडीवर रात्री वाघळं यायची. पानांआड भांडणं, फडफड, टपटप. आजी पडवीतून दटावायची, “मेल्यांनो, चला हयसून!” आणि आम्हा पोरांना आत ओढायची, कानाला चिकटतील म्हणून. पहाटे तीच टोपली घेऊन उंडीखाली वाकलेली असायची, वरचा गर खाऊन वाघळांनी टाकलेल्या बिया वेचत. त्या वाळवून, घाण्यावर नेऊन काढलेलं कडू, हिरवट तेल पडवीतल्या दिव्यात जळायचं. रात्री शिव्या, पहाटे टोपली. ज्यांना ती हाकलत होती त्यांच्याच उष्ट्यावर तिचा दिवा तेवत होता, आणि हे तिला ठाऊक नसेल असं मला आता वाटत नाही.

कायद्यानंही पुष्कळ वर्षं नुसतं दटावलंच. टोपली काही हाती घेतली नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ही फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी म्हणून बसवलेली होती. २०२२च्या दुरुस्तीनं ती पंगत उठली.

केंद्रातल्या रात्री लांब असतात. पिंजऱ्याच्या जाळीला टॉवेल टांगलेला, त्याला ती उलटी लटकलेली. पपईची, चिकूची फोड टाळूवर दाबून रस तेवढा गिळतात आणि चोथ्याची चपटी गोळी थुंकून टाकतात. खाली अंथरलेला कागद सकाळपर्यंत गोडसर वासानं ओला होतो. त्यांच्या पायांची घडणच अशी की लटकलं की अंगाच्या भारानंच नखं मिटतात. धरून राहायला जोर लागत नाही, म्हणून जीव गेला तरी पकड सुटेलच असं नाही. तेव्हा पहाटे दिवा न लावता पिंजऱ्यापाशी उभं राहायचं आणि कान द्यायचा. कधी पंख सरकतो, अंग चाटल्याचा बारीकसा आवाज येतो.

कधी येत नाही.

पण पंखाचा पडदा मोठा चिवट. छिद्राच्या कडेनं फिकट गुलाबी कातडी रोज जराशी पुढे सरकते, हळूहळू काळवंडते आणि एके दिवशी पंख पुन्हा अखंड होतो. हाड मोडलं असेल, बोट सडलं असेल तर मात्र काहींना आकाश परत देता येत नाही. ज्यांना देता येतं त्यांना त्यांच्याच वडापाशी, दिवेलागणीला, उंच फांदीवर सोडायचं. जमिनीवरून उडणं त्यांना फार जड जातं. तोवर आपल्याला वाटू लागलेलं असतं, की पपई चिरल्याचा आवाज त्याच्या ओळखीचा झालाय, आपली चाहूल त्याला कळते. फांदीला नखं टेकतात आणि सारं पुसलं जातं. ते वर चढतं, उलटं होतं, क्षणभर हवा हुंगतं, सुटतं आणि पडता पडता उघडतं. मागे वळून बघत नाही. कशाला बघावं? आपली सवय त्याला लागली नाही, हीच शुश्रूषेची पावती. ओळख ठेवावी म्हणून केलेली माया आपल्यासाठी असते; विसरलं जावं म्हणून केलेली त्याच्यासाठी.

तेव्हा वाचणाऱ्यांना सांगणं एवढंच. पतंग उडवा, पण साध्या सुती दोऱ्यानं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे. तरी तो मिळतो, पोरं हट्ट धरतात. घेऊन देऊ नका. सण झाला की गच्चीवरून हाती येईल तेवढा दोरा गोळा करून कापून टाका. आणि कुठे अडकलेलं वटवाघूळ दिसलंच, तर उघड्या हातानं धरू नका, दोरा ओढू नका, दूध-पाणी पाजू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि मदत येईपर्यंत कुत्री आणि बघ्यांची गर्दी तेवढी लांब ठेवा.