लेहचा हिवाळा आणि दाराजवळची जागा

आमच्या वसाहतीतील मंडळी आजवर बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर अशा धम्मयात्रा करीत आली. यंदा आम्ही तीन कुटुंबांनी लडाखला जायचे ठरविले. जिथे गावोगावी गोंपा आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध कुटुंबे नांदत आहेत, ती भूमी एकदा डोळ्यांनी पाहावी, ही जुनी इच्छा होती. उन्हाळ्यात तिथे गर्दी आणि महागाई. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस निघालो. "ह्या थंडीत कुठे चाललात?" असे शेजारी म्हणालेच!

हिवाळ्यात मनालीचा रस्ता बर्फाने बंद असतो, श्रीनगरकडच्या रस्त्याचाही भरवसा नसतो. त्यामुळे दिल्लीहून विमानानेच जावे लागते. आमच्यापैकी बहुतेकांचा हा पहिलाच विमानप्रवास. खाली पांढरेशुभ्र डोंगर, आणि तासाभरात लेह. विमानतळाला लडाखचे भिक्खू व नेते कुशोक बकुला रिंपोछे यांचे नाव आहे. ते पाहून मन भरून आले.

लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, त्यामुळे दोन जिने चढले तरी छाती धपापते. पहिले दोन दिवस आम्ही नुसती विश्रांती घेतली. आमच्यातील एक काका उत्साहाने पहिल्याच दिवशी बाजारात फिरून आले आणि रात्रभर डोके धरून बसले. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रक्तदाब वा हृदयविकार असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

हे वाळवंट आहे, पण थंड वाळवंट. वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. आकाश निळेभोर, ऊन कडक, आणि सावलीत पाय टाकला की अंग काकडते. रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो. नळ गोठलेले, म्हणून पाणी बादलीने आणायचे. बरीच हॉटेले बंद होती. आम्ही एका घरी उतरलो. घरातील आजींना सारे 'आमा-ले' म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. भेटताना, निघताना, आभार मानताना तिथे एकच शब्द, 'जुले'. मुलांनी तो पहिल्या दिवशीच पाठ केला.

स्वयंपाकघरात बुखारी पेटलेली. तिच्याभोवतीच घर जगते. जमिनीखालच्या खड्ड्यात पुरून ठेवलेले बटाटे, गाजर, मुळे हीच हिवाळ्याची भाजी. जाड खंबीर रोटी, गरम थुक्पा आणि मीठ-लोणी घालून घुसळलेला गुरगुर चहा. पहिला घोट आम्हाला नकोसा वाटला, चौथ्या दिवशी आम्ही तो मागून घेऊ लागलो.

शहराच्या माथ्यावर राजा सेंगे नामग्यालचा सतराव्या शतकातील नऊ मजली राजवाडा आहे. समोरच्या टेकडीवर जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने उभारलेला शांतिस्तूप आहे. 1991 साली दलाई लामांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. थांबत थांबत आम्ही पायऱ्या चढलो आणि वर त्रिसरण-पंचशील घेतले. प्रार्थनाचक्र फिरवणाऱ्या दोन वृद्धा थांबून ऐकत राहिल्या. त्यांचे शब्द तिबेटी वळणाचे, आपले पाली. पण शरण तीनच. बुद्ध, धम्म, संघ!

एका गावात बर्फाचा स्तूप पाहिला. इथे पेरणीला एप्रिल-मे महिन्यांत पाणी हवे असते, आणि हिमनद्यांचे पाणी खऱ्या अर्थाने येते जूनमध्ये. म्हणून हिवाळ्यात ओढ्याचे पाणी नळीने उंचावरून खाली आणतात. दाबाने ते कारंज्यासारखे उडते, रात्रीच्या थंडीत गोठते आणि शंकूच्या आकाराचा डोंगर तयार होतो. या आकाराला ऊन कमी लागते, म्हणून तो हळूहळू वितळतो. सोनम वांगचुक यांनी ही कल्पना पुढे आणली. त्याआधी 1987 पासून छेवांग नोर्फेल नावाचे अभियंते बांध घालून कृत्रिम हिमनद्या तयार करीत होते. 2015 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या आपल्या आयाबहिणींची आम्हाला आठवण झाली.

पण जे मनात रुतून बसले ते वेगळेच. आमा-ले आम्हाला शेजारच्या गावी एका लग्नाला घेऊन गेल्या. भिंतीलगत गाद्यांची रांग होती. चुलीजवळ मानाचे लोक, मग वयाने आणि मानाने उतरत उतरत बाकीचे. आम्हाला पाहुणे म्हणून वर बसविले. जवाची छांग पुढे आली. पाचवे शील सांगून आम्ही ती नाकारली, तेव्हा हसून चहा दिला. रांगेच्या अगदी टोकाला, दाराजवळ, गार वाऱ्यात दमन आणि सुरना वाजवणारे दोघे बसले होते.

"ते तिथे का?" आम्ही विचारले.

"ते मोन. त्यांची जागा तीच," उत्तर आले.

मोन वाजंत्री आणि सुतार, गारा लोहार, बेदा फिरते वादक. 1989 साली लडाखच्या इतर समूहांबरोबर त्यांनाही अनुसूचित जमातींच्या यादीत घेतले. पण पंगत आणि सोयरीक यांना यादी पुरत नाही. बुद्धाच्या भूमीत हे पाहून आमचा घास अडला. आमचे काका उठले आणि दाराजवळ त्या वादकाशेजारी जाऊन बसले. घोळक्यात कुजबुज झाली. वादक हलकेच म्हणाला, "मुलगा लेहला शिकतो. त्याला दमन शिकवलं तर लोक मोन म्हणून बोट दाखवतील. नाही शिकवलं तर वाद्य माझ्याबरोबर संपेल." काकांच्या आजोबांनी 1956 नंतर गावचा बाजा कायमचा खाली ठेवला होता. ते नुसते त्याचा हात धरून बसले.

रात्री बुखारीजवळ आमा-ले म्हणाल्या, "शाळेत आता सगळी मुलं एका बाकावर बसतात. लग्नाचं मात्र जमत नाही. तुमच्याकडे नाही ना असं?"

आम्ही गप्प झालो. विहारात आपण एकत्र बसतो, एका पंगतीत जेवतो. पण स्थळ आले की बावने की लाडवन की सोमवंशी, हे अजून विचारतोच. आमच्यातील एका भगिनीने मागच्याच महिन्यात मुलासाठी आलेले चांगले शिकलेल्या मुलीचे स्थळ 'पोटजात जुळत नाही' म्हणून परत पाठविले होते. त्या खाली मान घालून म्हणाल्या, "आमा-ले, आमच्याकडेही दाराजवळची जागा आहे. फक्त दिसत नाही."

ज्यांना जमेल त्यांनी लेहला जरूर जावे. लोकरीचे कपडे न्यावेत, पहिले दोन दिवस अंथरूण सोडू नये, पाणी भरपूर प्यावे, आणि तिथल्या माणसांच्या घरी उतरावे.

परतीच्या विमानातून सिंधू नदी बर्फाच्या दोन काठांमधून निळ्या दोऱ्यासारखी दिसत होती. घरी पोचल्यावर त्या भगिनीने आधी सामान उघडले नाही. मुलीच्या वडिलांना फोन लावला, झालेल्या चुकीची माफी मागितली आणि म्हणाल्या, "मुलामुलीची पसंती असेल तर आमच्याकडून आता काही अडचण नाही." पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे चहाला जाणार आहोत.

जयभीम!