काशीत एकटीनं उतरायचं कुठं?



डिसेंबरात मी काशीला एकटी जाऊन आले हे कळल्यापासून चौघी-पाचजणींचे फोन आले. दर्शन कसं झालं हे नंतर, पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: उतरलात कुठं? म्हणून आज फक्त तेवढंच लिहिते. देवळांची माहिती पुस्तकांत मिळते, ही मिळत नाही.

आधी एकटी का, ते सांगते. वन्सं बरोबर येणार होत्या. तिकिटं दोघींची काढली होती, आणि त्यांच्या नातीचं बाळंतपण नेमकं त्याच आठवड्यावर आलं. ह्यांचे गुडघे घाटाच्या पायऱ्या चढू देत नाहीत. "पुढच्या वर्षी जाऊ" असं आमच्या घरात पाच वर्षं चाललंय. मला सासष्टावं लागलं आहे. ह्यांनीच सांगितलं, "तू जाऊन ये, मी दोन दिवस रागावेन, मग बरा होईन."

पार्श्वनाथ भगवंतांच्या जन्मकल्याणकाला तिथं असावं अशी माझी इच्छा. उत्तरेत त्याला पौष कृष्ण एकादशी म्हणतात. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून आपल्या पंचांगात तीच तिथी मार्गशीर्ष वद्यात येते. दिवस एकच. तिकीट काढताना एवढं बघून घ्या, नाहीतर महिनाभर चुकाल.

आता जागा. मुलानं फोनवर शोधून कॅन्टोन्मेंटमधलं मोठं हॉटेल काढलं. रस्ते रुंद, स्टेशन जवळ, बाबतपूरच्या विमानतळाची बाजू. त्याच्या दृष्टीनं आईची काळजी मिटली. सूनबाईंनी अस्सी घाट सुचवला. तिथं देशी-परदेशी मुली एकट्या राहतात, पहाटे घाटावर आरती आणि गाणं असतं, रात्रीपर्यंत वर्दळ. शेजारच्या काकू टूरबरोबर जाऊन आलेल्या, त्या म्हणाल्या गोदौलियाजवळच राहा, दशाश्वमेध पाच मिनिटांवर. कुणीच खोटं सांगत नव्हतं. पण प्रत्येकानं आपापली काशी डोळ्यांपुढं ठेवली होती. माझा दिवस कसा जातो हे त्यांपैकी कुणी विचारलं नाही.

माझा दिवस दोन टोकांना बांधलेला आहे. सकाळी देवदर्शनाआधी तोंडात पाणी नाही, आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण संपलेलं. घरी हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याला जागा लागते हे लक्षातच येत नाही.

त्यात काशीचा सूर्य आपल्या आधी मावळतो. सांगलीत डिसेंबरअखेर सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर होतो, काशीत सव्वापाचच्या आसपास. काशी आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आणि घड्याळ मात्र देशभर एकच, त्यामुळं जवळजवळ पाऊण तासाहून जास्त फरक. त्यातून दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं वजा करा. साडेचारच्या आत ताट उचललेलं हवं! साडेचारला कुठल्याही हॉटेलात दुपारचं संपलेलं असतं आणि रात्रीचं सुरू झालेलं नसतं. म्हणजे मला खोलीपेक्षा स्वयंपाकघर शोधायचं होतं, आणि तेही जिनमंदिराच्या चालण्याच्या अंतरात.

मी बी.कॉम. झालेली बाई, वही काढलीच. कॅन्टोन्मेंटमधून भेलूपुरच्या पार्श्वनाथ मंदिराला पाचेक किलोमीटर. सकाळी जाणं, जेवायला परत, दुपारी पुन्हा बाहेर, संध्याकाळी परत. रोज चार फेऱ्या, चार दिवसांच्या सोळा. काशीच्या गर्दीत एका फेरीला अर्धा तास धरला तरी आठ तास, म्हणजे माझा एक अख्खा दिवस रिक्षात. खोलीचं भाडं हा नुसता वरचा आकडा असतो, खरा खर्च खालच्या ओळींत लपलेला असतो. शिवाय सोवळ्याची साडी नेसून धक्के खात रिक्षात बसायचं आणि मग पूजेला उभं राहायचं, हे मला जमणारं नव्हतं.

गोदौलिया मी वेगळ्या कारणानं सोडलं. दशाश्वमेधकडं जाणाऱ्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी गाड्या सोडत नाहीत, आणि पुढं गल्ल्याच गल्ल्या. सामान ओढत, अंधारात, पत्ता विचारत जायचं वय गेलं. अस्सी मला आवडलं असतं. पण तिथून भेलूपुर दीडेक किलोमीटर, आणि डिसेंबरातल्या धुक्यात सकाळी रिक्षाची वाट बघत उभं राहायचं. शेवटी भेलूपुरच ठरलं. पार्श्वप्रभूंचं गर्भ, जन्म आणि दीक्षा कल्याणक जिथं मानतो, तीच ही वस्ती. मोठा रस्ता आहे, पोलीस ठाणं आहे, औषधाची दुकानं आहेत. भदैनीला सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथांचं जन्मस्थान, ते टोटोनं दहा मिनिटांवर. टोटो म्हणजे तिथली बॅटरीची रिक्षा.

तुम्ही म्हणाल, मग धर्मशाळा का नाही? मीही आधी धर्मशाळेलाच फोन केला होता. कुठली ते लिहीत नाही. पलीकडच्या गृहस्थांनी नाव, गाव, तारीख सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, "आपके साथ कौन है?" कोणी नाही म्हटल्यावर म्हणाले, अकेली महिला को कमरा नहीं देते, किसी को साथ लेकर आइए. मी आधार कार्ड, मुलाचा नंबर, आमच्या मंदिराच्या पंचांचं पत्र, सगळं देते म्हणाले. "नियम है माताजी."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसले. त्यांची भीती मला समजते. एकटं माणूस रात्री आजारी पडलं तर कोण बघणार, काही बरंवाईट झालं तर पोलीस कुणाच्या दारात येणार. पण मग विधवांनी, लग्न न केलेल्यांनी, ज्यांची मुलं परदेशात आहेत अशांनी तीर्थाला जायचंच नाही का? आपणच दान देऊन बांधलेल्या खोल्यांत आपल्याला सोबतीचा पुरावा लागतो, आणि बाहेरचं हॉटेल ओळखपत्र बघून किल्ली देतं, हे मला पटत नाही. घरच्यांचा नंबर घ्या, औषधांची यादी घ्या, गावच्या मंदिराचं पत्र घ्या, खालच्या मजल्यावरची खोली द्या. ज्यांच्या घरातली माणसं ट्रस्टवर आहेत, त्यांनी हा विषय घरी जेवताना तरी काढावा.

तर मंदिरापासून सहा-सात मिनिटांवर, एका कुटुंबानं चालवलेलं छोटं गेस्ट हाऊस सापडलं. खोली ठरवण्याआधी मी मालकीणबाईंना विचारलं: रिक्षा दारापर्यंत येते का? रात्री फाटक किती वाजता बंद होतं, आणि उघडायला कोण असतं? पहिल्या मजल्याच्या वर चढावं लागेल का? आणि शेवटी, चार वाजता कांदा, लसूण, बटाटा, आलं काहीही न घालता साधा वरणभात-भाजी कराल का? त्या हसल्या. म्हणाल्या, मंदिर जवळ आहे, असे पाहुणे येतात आमच्याकडे. त्या हसण्यावर मी पैसे पाठवले. हे प्रश्न लिहून नाही, फोनवरच विचारा. उत्तर देताना आवाज कसा आहे हे कळतं.

विमान धुक्यामुळं अडीच तास उशिरा उतरलं, तरी दुपारच होती. त्या दिवसांत उत्तरेत गाड्या आणि विमानं दोन्ही रखडतात, म्हणून पोचण्याची वेळ दुपारची किंवा त्याआधीची निवडा, म्हणजे उशीर झाला तरी उजेड राहतो.

पाणी गाळायचं फडकं, पितळी तांब्या, पूजेचे तांदूळ-लवंगा-बदाम मी घरूनच नेले होते. सकाळी साडेसहाला धुक्यात शाल गुंडाळून चालत निघायचं. रस्त्यात दूधवाले, झाडू मारणाऱ्या बायका, चहाच्या टपऱ्या. दुसऱ्या दिवसापासून टपरीवाला "प्रणाम माताजी" म्हणायला लागला. तिथं वयस्कर बाईला सगळेच माताजी म्हणतात. आपल्याकडे माताजी म्हणजे आर्यिका, त्यामुळं मला आधी फार संकोच वाटायचा. जन्मकल्याणकाच्या दिवशी अभिषेकाला गर्दी होती, पण मी राहायला जवळ असल्यामुळं आधी पोचले आणि पुढं उभं राहायला मिळालं.

जेवणात अडचण आली नाही. थंडीत तिथं चूडामटर करतात, पोहे आणि ताजा मटार. आलं न घालता करून दिलं, इतकं गोड लागलं की मी घरी येऊन दोनदा केलं. मलइयो म्हणून दुधाच्या फेसाचा एक प्रकार असतो, रात्रभर दवात ठेवून करतात. सगळे म्हणाले खाऊन बघा. आपल्या दुधाच्या मर्यादेत ते बसत नाही, म्हणून लांबूनच पाहिलं. रंग सुंदर असतो.

साडेचारला जेवण संपलं की संध्याकाळ मोकळी, हा भेलूपुरचा खरा फायदा. एक दिवस भदैनीच्या जैन घाटावर बसले. शेजारीच गणेशप्रसाद वर्णीजींनी 1905 साली सुरू केलेलं स्याद्वाद महाविद्यालय. आणि याच भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान, आपली मनकर्णिका तांबे! तिथं मराठी बोलायची फार इच्छा झाली, पण कुणी नव्हतं, मग ह्यांनाच फोन लावला. एक दिवस गंगा आरती पाहिली. ती अंधार पडल्यावर असते, येताना गोदौलियाच्या पुढं गाड्या मिळतात तिथपर्यंत गर्दीतून चालले, आठच्या आत खोलीवर. फाटक उघडंच होतं.

सारनाथला श्रेयांसनाथ आणि गंगाकाठी वीसेक किलोमीटरवर चंद्रपुरीला चंद्रप्रभू. ही दोन्ही स्थानं एका दिवसात, गेस्ट हाऊसवाल्यांच्या ओळखीच्या रिक्षानं. चारला परत आणून सोडायचं हे सकाळीच ठरवलं होतं, त्यानं पावणेचारला सोडलं.

वन्सं आता अयोध्या आणि राजगृही म्हणतायत. मी एक वही केली आहे. एकट्या बाईला खोली देणाऱ्या धर्मशाळांची नावं, कुणाशी बोलायचं, स्वयंपाक किती वाजता होतो, रिक्षा दारापर्यंत येते का. आतापर्यंत दोनच नावं जमली आहेत, दोन्ही मैत्रिणींनी स्वतः राहून सांगितलेली. तुम्ही कुठं एकट्या राहिला असाल तर मला जरूर कळवा, मी लिहून घेते.