फळ्यावरची बातमी

आमच्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे. वाचनालय केव्हा स्थापन झाले हे भिंतीतल्या संगमरवरी पाटीवरून कळते; पण ते अजून जिवंत आहे की नाही, हे मात्र या फळ्यावरून कळते. ग्रंथपालांना सारा गाव काका म्हणतो. त्यांच्याहून वयाने वडील असलेली माणसेसुद्धा काकाच म्हणतात. हे काका रोज दुपारी साडेचारला कुलूप काढतात, ओल्या फडक्याने फळा पुसतात आणि त्यावर त्या दिवसाच्या बातम्या लिहितात. ‘नवी पुस्तके आली : ७.’ ‘बालविभाग शनिवारी सुरू राहील.’ ‘काल ज्यांनी छत्री नेली त्यांनी ती आणून ठेवावी, ज्यांची आहे ते भिजत आहेत.’ एकदा लिहिले होते, ‘सभासद क्रमांक ८८ यांचे निधन. त्यांच्याकडील पुस्तक चिरंजीवांनी परत केले. आभार.’

आत टेबलावर पाच-सहा वर्तमानपत्रे पडलेली असतात. तरीसुद्धा येणारा प्रत्येक जण आधी फळ्यापुढे क्षणभर थांबतो आणि मगच चपला काढतो. मीही थांबतो. दिल्लीत काय झाले हे रात्रीपर्यंत कळले नाही तरी माझे अडत नाही. पण छत्री मिळाली की नाही हे कळल्याशिवाय चैन पडत नाही!

तसे आमचे वाचनालय फार मोठ्या घराण्यातले नव्हे. आमच्या जिल्ह्याच्या गावचे, रत्नागिरीचे, नगर वाचनालय १८२८ सालचे. शेजारच्या चिपळूणचे १८६४ चे. त्याने २००५ चा पूर पाहिला, २०२१ चा पाहिला, चिखलातून पुस्तके काढली आणि पुन्हा दार उघडले. अशा थोरल्या बहिणींच्या पंगतीत आमचे वाचनालय म्हणजे दाराआड उभी राहणारी धाकटी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. त्यात आम्ही कोणत्या वर्गात आहोत, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल. अनुदान येते, पण ते कुठवर पुरते हे काकांच्या कोपरावर ठिगळ लावलेल्या स्वेटरला विचारावे.

कार्यकारी मंडळात माझी निवड झाली ती केवळ मी कॉलेजात मराठी शिकवतो म्हणून. मराठीच्या प्राध्यापकाला पुस्तकातले कळते, अशी एक समजूत आमच्या गावात आहे. ती खोडून काढण्याचा मी कधी प्रयत्न केला नाही, हा माझा पहिला अपराध. दुसरा आता सांगतो.

आमच्या फळ्यावरची वर्षातली सर्वांत मोठी बातमी कोणती, असे विचाराल तर ती ‘दिवाळी अंक आले’ ही! काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण सबंध महाराष्ट्राच्या छोट्या वाचनालयांच्या संसाराची तरतूद करीत आहोत, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायची आणि होळीपर्यंत अंक न्यायचे, अशी आमची योजना आहे. त्या चार-साडेचार महिन्यांत एरवी वाचनालयाची पायरी न चढणारी माणसेसुद्धा रांगेत उभी राहतात. काका प्रत्येक अंकाला खाकी कव्हर घालतात, पाठीवर शाईने नंबर टाकतात, आणि ‘तो अंक आला का?’ या प्रश्नाला ‘बाहेर आहे’ एवढे एकच उत्तर चार महिने देतात.

पण अंक ठेवायचे कुठे? खोल्या दोन, कपाटे चौदा, आणि त्यांतली तीन पावसात भिंतीपासून हातभर दूर ओढावी लागतात. २०२३ च्या एप्रिलात मंडळाच्या सभेत ठराव झाला की, जीर्ण व न वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांचे निर्लेखन करावे. हा शब्द मला तेव्हा फार आवडला होता. रद्दीत घालणे म्हटले की मनाला लागते; निर्लेखन म्हटले की एखादे शास्त्रीय कार्य हाती घेतल्यासारखे वाटते. उन्हाळ्याची सुटी होती. काम माझ्याकडे आले.

मी आठ दिवस कपाटांपुढे स्टूल टाकून बसलो. कसर लागलेली, वाळवीने कुरतडलेली पुस्तके बाजूला काढताना प्रश्नच नव्हता. उरलेल्यांसाठी मी एक नियम केला : मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर गेल्या दहा-बारा वर्षांत वर्षाला एकाहून अधिक शिक्का नसेल, तर पुस्तक काढावे. शिवाय जिथे नियम डळमळेल तिथे माझी अभिरुची होतीच! रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असे त्यांतली दोन सूत्रे म्हणतात. ही सूत्रे मी एका व्याख्यानात विद्यार्थ्यांना सांगितली होती. स्टुलावर बसल्यावर मात्र ती आठवली नाहीत.

त्या ढिगात एक कादंबरी होती. तिचे नाव सांगत नाही. एके काळी घरोघर वाचली जाणारी, आणि आता वाङ्मयाच्या इतिहासात तळटीपेतही न सापडणारी. कव्हर गेलेले, आणि शेवटची पाने गायब. त्यांच्या जागी वहीचे रेघांचे चार ताव डिंकाने चिकटवलेले आणि त्यांवर निळ्या शाईत, कारकुनी वळणाच्या अक्षरात शेवट लिहिलेला. मी दोन ओळी वाचल्या आणि हसलो. संध्याकाळच्या सभेत मी ते ताव सर्वांना दाखवले. म्हटले, “एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि तिच्यात कुणी आपली ओवी घालू नये म्हणून बजावून ठेवले. इथे मात्र कुणीतरी घातलेली दिसते!” सभा हसली. मी नोंदवहीत शेरा मारला, ‘अपूर्ण प्रत’, आणि पुस्तक ढिगावर टाकले. दोनशे चौऱ्याण्णव पुस्तके गेली. काकांनी फळ्यावर एवढेच लिहिले, ‘निर्लेखन पूर्ण झाले.’ एरवी ते अशा बातमीला काहीतरी शेपूट जोडत असत. ते त्या दिवशी जोडले नव्हते, हे मला पुढे आठवले.

ऑक्टोबर उजाडला. पंधरा तारखेच्या वाचन प्रेरणा दिनासाठी आम्ही ग्रंथप्रदर्शन मांडत होतो. मी टेबलांवर पांढरे कागद पसरत होतो. तेवढ्यात एक आजी आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी नव्हे, साधे पाचवारी लुगडे, हातात कापडी पिशवी. काकांनी त्यांना पाहिले आणि ते उगाचच कपाटामागे गेले.

“भाऊ, माझं पुस्तक काढून ठेवलंय ना?” आजींनी विचारले.

काका बाहेर आले. माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आजी, ते रद्दीत गेलं. मे महिन्यात. माझ्या ध्यानात राह्यलं नाही.”

“असू दे,” आजी म्हणाल्या. थोडे थांबून म्हणाल्या, “शेवटची पानं ह्यांच्या हातची होती.” आणि पिशवीची घडी करून त्या पायऱ्या उतरून गेल्या.

काकांनी देवघेवीची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. सभासद क्रमांक २१७. यजमान २०१० च्या हिवाळ्यात गेले. २०११ पासून दर साली एकदा, एकच पुस्तक. महिना सप्टेंबर, नाहीतर ऑक्टोबरची सुरुवात. पितृपक्ष! २०२० ची तेवढी नोंद नव्हती. त्या वर्षी करोनामुळे वाचनालयेच बंद होती. अकरा नोंदी. माझ्या नियमात ते पुस्तक अगदी बरोबर बसत होते.

मी स्कूटर काढून रद्दीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, “सर, माल जूनच्या आधीच गेला. पावसात कागद ठेवतो कोण?” त्याचेही खरेच होते.

मग मी ते केले, जे माझ्यासारखा माणूस करू शकतो. पुण्याच्या मित्रांना फोन केले, जुन्या पुस्तकवाल्यांना गाठायला लावले. तीन आठवड्यांनी प्रत मिळाली. कव्हरासकट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पूर्ण! पदरचे पैसे भरले, चांगले कव्हर घातले, आणि एका रविवारी आजींचे घर शोधत गेलो. दोन खोल्यांचे कौलारू घर, मागे विहीर, विहिरीच्या काठाला अनंताचे झाड. आजींनी ओटीवर बसायला पाट दिला, कोकम सरबत दिले. पुस्तक त्यांनी पदराला हात पुसून घेतले. मी परत आलो तो अपराधातून मोकळा झालेल्या माणसाच्या चालीने.

चार दिवसांनी त्या वाचनालयात आल्या. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सर, ह्यात शेवट चुकलाय.”

मी म्हटले, “आजी, ही मूळ प्रत आहे. छापील.”

“ह्यात ती मरते. क्षयानं.”

“हो. मूळ कादंबरीत तसंच आहे.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांनी सांगितले. लग्न होऊन आल्यावर पहिल्या पावसाळ्यात यजमानांनी हे पुस्तक आणून दिले. शेवटची पाने नव्हती. पुढे काय झाले म्हणून त्यांचा जीव लागेना. यजमान कचेरीत कारकून. म्हणाले, रत्नागिरीला सरकारी काम आहे, तिथल्या वाचनालयात प्रत असेल, उतरवून आणतो. दोन दिवसांनी आले ते चार ताव लिहूनच आले. पुस्तकाला चिकटवून वाचनालयात परत केले. त्या शेवटात ती मरत नव्हती. मिरजेहून बरी होऊन परत येत होती.

हे सांगता सांगता आजी मध्येच थांबल्या. पंचावन्न वर्षांपूर्वीचा काहीतरी हिशेब मनात जुळवीत असाव्यात. मला वाटले, आता रडतील. मी केलेली भरपाई पहिल्या नुकसानापेक्षा मोठी ठरली, असे माझ्या मनात येऊन मी खाली मान घातली.

“म्हणजे,” आजी म्हणाल्या, “रत्नागिरीला गेलेच नव्हते तर!”

आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. काकाही हसू लागले. मग डोळे पुसून त्या मला म्हणाल्या, “सर, तुम्ही मराठीचे ना? मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. मला पाठ आहे.”

काकांनी रेघांचे ताव आणले. मी त्या रिकाम्या वाचनालयात पेन सरसावून बसलो. आजी सांगत होत्या, डोळे मिटून. बैलगाडी नाक्यावर थांबते. तो सामान उतरवून घेतो. दोघे घरात येतात. दोन खोल्या, मागे विहीर, काठाला अनंत फुललेला. एका वाक्यात कर्ता एक आणि क्रियापद दुसऱ्याचे होते. माझा हात थांबला. मी म्हटले, “आजी, इथे ‘तिने’ असं हवं का?”

“नाही. ह्यांनी ‘ती’च लिहिलं होतं.”

मी ‘ती’ लिहिले. पुढे एका ठिकाणी ‘प्रसन्न’ हा शब्द लागोपाठ तीनदा आला. मी तीनदा लिहिला. मूळच्या चार तावांत जे होते ते माझ्या पाच तावांत आले, कारण माझे अक्षर त्या कारकुनाइतके लहान नाही.

छापील पाने काढावीत का, असा प्रश्न निघाला. काका म्हणाले, वाचनालयाचे पुस्तक मी फाडणार नाही. तेव्हा ताव छापील शेवटाच्या मागे चिकटवले. नवा दाखल क्रमांक पडला. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे, असे काकांनी विचारले. मी म्हटले, रिकामा ठेवा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होते : ‘दिवाळी अंक आले : ४१. दुरुस्त होऊन आलेली पुस्तके : १.’

पुढच्या दोन्ही पितृपक्षांत आजी ते घेऊन गेल्या. परवा मी सहज चिठ्ठी पाहिली, तर मध्ये फेब्रुवारीचा एक तिसरा शिक्का दिसला. काकांना विचारले. म्हणाले, अकरावीतली एक मुलगी आहे. दिवाळी अंक सगळे बाहेर होते, म्हणून हे नेलं.

“कोणता शेवट आवडला म्हणाली?”

“ते नाही विचारलं,” काका म्हणाले. “पण पुस्तक आठ दिवस उशिरा आणलंन. दंड घेतला.”