काळी पट्टी

अण्णांनी जुनी मारुती ८०० घेतली, तेव्हा तिचे काळे बंपर उन्हानं पांढुरके पडले होते. दर रविवारी ते त्यांना खोबरेल तेल चोळत. तासाभरात बंपर काळेभोर, आणि संध्याकाळपर्यंत वाटेवरचा सगळा फुफाटा त्यांना चिकटलेला. एरवी गाडी पुसायची ती आईच्या जुन्या लुगड्याच्या कोरड्या फडक्यानं. मीही तेच शिकलो.

आमच्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग कारखाने उभे राहत गेले. गाळप सुरू झालं की कुठल्या ना कुठल्या धुराड्याची काजळी अंगणात, वाळवणावर, गाडीवर उतरते. बोटांत चुरली की तिची भुकटी होते, म्हणून मऊ वाटते. पण ती उसाच्या चिपाडाची राख, आणि तिच्यात सिलिका भरपूर असते. वाळूतही तीच असते.

माझ्या गाडीला दोन दारांच्या मधे चकचकीत काळी पट्टी आहे, आरशासारखी. दोन हंगाम तिच्यावरून मी रोज सकाळी कोरडं फडकं फिरवलं. एके दुपारी उन्हात पाहिलं, तर कोळ्यानं जाळं विणावं तसे गोल गोल ओरखडे! शिवाय बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके. जुन्या बंपरचं खडबडीत प्लास्टिक सगळं पोटात घालायचं. ही पट्टी काहीच लपवत नाही. मला फार वाईट वाटलं.

नगरच्या एका पॉलिशवाल्यानं गाडी सावलीत घेऊन पट्टी आधी गार होऊ दिली. मग नुसतं पाणी, त्यानंतर शाम्पू. ठिपक्यांवर पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, तेही लगेच धुऊन टाकलं. शेवटी स्पंजवर वाटाण्याएवढं पॉलिश आणि हलका हात. ओरखडा भरून निघत नाही, आजूबाजूचा थर झिजवून त्याच्या पातळीला आणतात, हे मला तेव्हा कळलं. तो थर केसाहूनही पातळ. असं किती वेळा करणार?

अण्णा आता ऐंशीचे आहेत. मी गावी गेलो की सकाळी माझ्याआधी गाडीपाशी उभे, हातात फडकं. 'पुसू नका' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. परवा पाण्याची नळीच त्यांच्या हातात दिली.

"अण्णा, आधी राख वाहून जाऊ द्या."

ते वरून खाली संथ धार सोडत राहिले. काजळी रेघारेघांनी उतरली. मग मी ओलं मायक्रोफायबरचं कापड पुढे केलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं.

"लुगड्यासारखं मऊ आहे रे," म्हणाले, आणि पुसायला लागले.